सह्याद्रीत ट्रेक कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाची पहिली सर आली की फोन सुरू होतात. ऑफिसमधले, सोसायटीतले, भाच्याचे मित्र. प्रश्न तेच असतात, फक्त विचारणारा बदलतो. म्हणून वीसेक वर्षांच्या भटकंतीत जे कळलं, आणि जे चुकून कळलं, ते एकदाचं लिहून ठेवतो आहे. हे सगळं सह्याद्रीपुरतं, त्यातही पुणे, मुंबई, नाशिकहून शनिवार-रविवारी निघणाऱ्यांसाठी.

पहिलाच ट्रेक आहे. कुठे जाऊ?

पुण्याकडचे असाल तर सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेने. 'सिंहगड काय ट्रेक आहे का?' असं म्हणणारे बहुतेक गाडीने वर गेलेले असतात. पायथ्यापासून साधारण सहाशे मीटर चढ आहे आणि तो सलग आहे. वाट मळलेली, माणसांची वर्दळ, वर दही आणि पिठलं-भाकरी. पहिल्या वेळी किती वेळ लागला तो लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक ट्रेकचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दीड तासात वर पोचलात तर तब्येत ठीक आहे. अडीच तास लागले तरी लाजायचं कारण नाही, फक्त लगेच हरिश्चंद्रगडाचं बुकिंग करू नका.

मुंबईकरांना लोहगड बरा. मळवली स्टेशनला उतरायचं, भाज्याची लेणी बघायची आणि चालत गडाखालच्या गावात. पुढे दरवाज्यांपर्यंत बांधीव पायऱ्या. तिकोना आणि कोरीगडही चालतील. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या मात्र उंच आणि उभ्या आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

एकाच गडाला कुणी सोपा म्हणतं, कुणी अवघड. खरं कोणाचं?

दोघांचंही. कारण दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेलेले असतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हरिश्चंद्रगड घ्या. पाचनईहून गेलात तर दोन-अडीच तासांत देवळापाशी. कड्याच्या पोटातून जाणारी वाट आहे, डोक्यावर कातळाचं छत, अडचणीच्या जागी रेलिंग. शाळकरी पोरं जातात. खिरेश्वरहून निघालात तर आधी टोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि त्यानंतर चढ-उताराच्या टेकड्या. त्या संपतच नाहीत. पाच तास धरून चाला. आणि कोकणातून, वाल्हिवरे-बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने गेलात तर तो वेगळाच प्रकार. कोकणकड्याच्या बाजूची दगडधोंड्यांनी भरलेली नाळ, म्हणजे उभी अरुंद घळ, मध्ये कातळटप्पे, हजारभर मीटरचा चढ, आणि दोर वापरता येणारा माणूस सोबत हवाच. तिन्ही वाटांनी जाणारे एकाच केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात पाय घालून उभे असतात आणि तिघंही घरी येऊन 'हरिश्चंद्रगड केला' असंच सांगतात.

राजगडाचंही तसंच. पाली दरवाज्याची वाट म्हणजे जुना राजमार्ग, रुंद आणि पायऱ्यांची. गुंजवण्याहून चोरदरवाज्याने जाणारी वाट रानातून उभी चढते, आणि शेवटी रेलिंग धरून कातळावरून पद्मावती माचीवर शिरावं लागतं. भीमाशंकरला खांडसहून दोन वाटा फुटतात. गणेश घाट लांबचा पण प्रेमळ. शिडी घाट जवळचा, पण लोखंडी शिड्या, आणि शेजारी दरी. नाहीतर पुण्याहून एसटीत बसून थेट देवळाच्या पायऱ्यांपाशी उतरताही येतं.

म्हणून कुणी 'अमुक गड कसा आहे?' असं विचारलं की मी आधी उलट विचारतो, 'कुठल्या गावातून?' गाव सांगता येत नसेल तर अजून ट्रेक ठरलेला नाही असं समजा.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. ऑफिसच्या सहा जणांना मी एकदा राजगडाला गुंजवण्याच्या बाजूने नेलं. त्यातल्या एकाचे गुडघे आधीच कुरकुरत होते, आणि मला ते माहीत होतं. चढताना काही वाटलं नाही. उतरताना चोरदरवाज्याखालच्या टप्प्यावर तो बसूनच उतरायला लागला, पायरी-पायरीने, रेलिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून. रानात शिरेपर्यंत अंधार पडला आणि सहा जणांत टॉर्च एक. पालीकडून नेलं असतं तर हाच माणूस गप्पा मारत उतरला असता. गड तोच होता, वाट निवडण्यात मी माती खाल्ली.

गडाच्या उंचीवरून अंदाज बांधता येतो का?

नाही. लोहगड समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर आहे आणि पनवेलजवळचा कलावंतीण सुळका सातशेच्या आतबाहेर. तरी लोहगडावर आजी-आजोबा जातात आणि कलावंतिणीच्या कोरीव पायऱ्यांवर धडधाकट पोरांचे पाय लटपटतात. लोहगडाचा पायथा मुळात घाटमाथ्यावर आहे, कलावंतिणीला जवळजवळ कोकणच्या पातळीपासून चढावं लागतं. शिवाय त्या पायऱ्यांना कठडा नाही.

म्हणून आकडा बघायचा तो पायथ्यापासूनच्या चढाचा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला होता. त्याचं ढोबळ रूप असं: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तो गडी थंड हवेत चालणारा. आपल्या दमट उन्हात, फोटो काढत आणि काकडी खात जाणाऱ्या मिश्र गटाला मी तासाला तीनशे मीटर चढ धरतो. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण बारी गावापासूनचा चढ साधारण आठशे-नऊशे मीटरच आहे. म्हणजे तीन तास, आणि बहुतेकांना तेवढेच लागतात. शनिवारी शिडीपाशी रांग असेल तर ती वेगळी मोजा.

'मध्यम श्रेणी' म्हणजे नक्की काय?

म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याला जास्त लिहायचा कंटाळा आला होता. त्या शब्दापेक्षा वाटेवर काय काय आहे ते विचारा.

घसारा आहे का? म्हणजे सुटा मुरूम आणि बारीक खडी, ज्यावरून पाय घसरत जातो. डिसेंबरनंतर गवत वाळलं की हा त्रास वाढतो. आडवी वाट आहे का? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये पाऊलभर जागा. दमायला होत नाही, पण उंचीचं भय असलेला माणूस तिथेच बसकण मारतो. कातळटप्पा आहे का, आणि तिथे खोबण्या आहेत, साखळी आहे की दोर न्यावा लागतो? कारवीच्या, म्हणजे काठीसारख्या खोडांच्या उंच झुडपांच्या, रानातून वाट असेल तर उलट दिलासा आहे, सावली मिळते आणि धरायला काठ्या. फक्त धरण्याआधी कारवी जिवंत आहे ना बघा, वाळलेली हातात येते.

मला उंचीची भीती वाटते. हरिहर जमेल?

चढायला बहुधा जमेल. उतरायचं बोला.

त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहरच्या पायऱ्या अखंड कातळात कोरलेल्या आहेत, जवळजवळ शिडीसारख्या उभ्या. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना बोटं रुतवायला खोबणी आहे, माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, पण तिच्या आत बोट बरोबर अडकतं. चढताना नाकासमोर फक्त दगड असतो. उतरताना दोन पायांच्या मधून थेट निरगुडपाड्याची शेतं दिसतात. तिथे पाठ दरीकडे आणि तोंड कातळाकडे करून, शिडी उतरल्यासारखं उतरायचं. काहीजण बसून सरकतात. त्यात सॅक मागे अडकते आणि माणूस पुढे ढकलला जातो.

पण हरिहरचा खरा त्रास पायऱ्या नव्हे, गर्दी. वाट एकच, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर. एका रविवारी मी त्या पायऱ्यांच्या मध्यावर पाऊण तास एका जागी उभा होतो. वर तीन बसभर माणसं घेऊन आलेला एक ग्रुप उतरायचा थांबेना आणि खालचा चढायचा. पायांना कापरं भरलं ते दरीने नव्हे, उभं राहून. आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, नाहीतर उजाडायला पायऱ्यांपाशी हजर राहा.

भीती किती आहे हे आधी तपासायचं असेल तर राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण बरी. रेलिंग आहे, आणि नाही जमलं तर माचीवर बसून राहण्यात काडीचाही कमीपणा नाही. पद्मावती माचीवर बसायला मिळावं म्हणून लोक मुद्दाम जातात.

पावसाळ्यात कुठे जावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी आवडतं.

जून-जुलैत रुंद, मळलेल्या, बांधीव वाटेचे गड घ्या. लोहगड, कोरीगड, तिकोना. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतची चाल लांब आहे, पंधरा-एक किलोमीटर, पण बरीचशी सपाट, आणि पावसात अशी चाल दुसरी नाही. हरिहर, कलावंतीण, नळीची वाट, लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग यांना पावसात हात लावू नका. सांदण दरीत तर पायही ठेवू नका. ती दरी म्हणजे पाण्याचीच वाट आहे, आपण उरलेल्या महिन्यांत तिथे पाहुणे.

विसापूरला पायऱ्यांची एक वाट आहे, जिच्यावरून पावसात पाणी वाहतं. फोटो छान येतात. तिथे जायला माझी हरकत नाही, पण वरून पाऊस वाढला तर त्या पायऱ्यांवर उभं राहता येत नाही एवढं लक्षात ठेवा.

पावसात माणसं कड्यावरून पडण्याइतकीच ओढ्यात जातात. ओढा ओलांडताना तुमच्या डोक्यावर पाऊस आहे की नाही याला अर्थ नसतो. दोन डोंगर पलीकडे पडला तरी पाणी तुमच्याकडेच येतं. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाचोळा दिसायला लागला, आवाज जाड झाला, की बाहेर पडा. वस्तू राहिली तर राहू द्या. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडायचं नाही, दोर असला तरी नवख्यांनी नाही. डोंगरातला ओढा जसा चढतो तसाच पाऊस थांबला की उतरतोही. पलीकडे अडकलात तर थांबा, उपाशी राहा, घरचे चिडतील, चिडू द्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती काही ट्रेकची अवघड जागा नव्हती. सहलीला आलेली माणसं पाण्यात उभी होती आणि पाणी वाढलं.

त्यानंतर दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धबधबे, धरणं आणि काही गडांवर बंदीचे आदेश काढतात, आधी हेच कलम १४४ खाली व्हायचं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तालुक्याच्या बातम्या बघा. देवकुंड आणि अंधारबनासारख्या ठिकाणी वन खात्याचा निर्णय दर वर्षी वेगळा असू शकतो. बंदी असताना 'मागच्या वाटेने नेतो' म्हणणारा भेटतोच. त्याच्या मागे जाऊ नका.

आणि धुकं. कोकणकड्यावर धुक्यात जाऊन काहीही दिसत नाही, कडा कुठे संपतो तेसुद्धा.

मग सर्वांत चांगला काळ कोणता?

मला विचाराल तर सप्टेंबरचे शेवटचे दिवस ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस ओसरलेला, टाकी भरलेली, पठारं सोनकीने पिवळी झालेली. कासचं पठार बघायचं तेही याच सुमाराला. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा झाला तेव्हा कासचाही त्यात समावेश झाला, आणि फुलांच्या दिवसांत तिथे रोज मोजक्याच लोकांना सोडतात. बुकिंग ऑनलाइन. कारवीचा बहर सात-आठ वर्षांतून एकदा येतो, तो गावकऱ्यांना विचारूनच ठरवा.

परतीच्या पावसात दुपारी विजा पडतात. माथ्यावर, सुळक्यावर, एकट्या झाडाखाली थांबू नका. दोन वाजायच्या आत माथा सोडा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी लांबच्या आणि दोन दिवसांच्या वाटा. रतनगड-हरिश्चंद्रगड, नाणेघाट-जीवधन, वासोटा. वासोट्याला बामणोलीहून होडीने कोयनेचा जलाशय ओलांडून जावं लागतं, वन खात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात ते बंद असतं. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि जकातीचं म्हणून ओळखलं जाणारं दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी माणसं ओझी घेऊन जी वाट चढत होती, ती आपण पाण्याची बाटली घेऊन चढतो आणि दमतो.

मार्चनंतर दिवसा चढू नका. पहाटे चारला निघा आणि नऊला खाली या, किंवा रात्री चाला. कात्रज ते सिंहगड लोक पौर्णिमेच्या सुमाराला रात्रीत करतात, तेरा टेकड्या ओलांडून. मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याच्या परिसरात आणि राजमाचीच्या रानात काजवे असतात. झाडंच्या झाडं एका लयीत उघडझाप करतात. ती त्यांची जोडीदाराला साद असते, म्हणून टॉर्च आणि गाडीचे दिवे बंद ठेवा. दर वर्षी हे सांगावं लागतं.

आई-वडील आणि लहान मुलांना नेता येईल?

येईल. लहान मुलं चढतात, फक्त त्यांना कंटाळा येतो, म्हणून गोष्ट असलेला गड घ्या. रायगडाला चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. हिरकणीवाडीहून रोपवेने वर जायचं आणि पायऱ्यांनी उतरायचं, किंवा गुडघ्यांची तक्रार असेल तर दोन्ही वेळा रोपवे. शिवनेरीही सोपा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात रायगड, राजगड, लोहगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड आहेत. मुलांना ती यादी पाठ करायला आवडते.

माझी मावशी बासष्टाव्या वर्षी पाली दरवाज्याने राजगडावर गेली, नऊवारी नाही पण साडी नेसून, आणि वर जाऊन आम्हालाच म्हणाली, 'बसलात काय रे, बालेकिल्ला राहिलाय.'

ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

पहिले चार-पाच ट्रेक कुणातरी अनुभवी माणसाबरोबर. पैसे देऊन जात असाल तर पैसे भरण्यापूर्वी एवढं विचारा: एका बॅचमध्ये किती जण? त्यांच्यामागे लीडर किती, आणि शेवटी कोण चालणार? लीडरने ही वाट या मोसमात आधी केली आहे का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे? पाऊस जास्त झाला तर ट्रेक रद्द करता की 'बघू'? राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा नोंदणी आहे का हेही विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर मिळालंच म्हणायचं.

सगळ्यात उपयोगाचा प्रश्न मात्र हा, 'तुम्ही कधी अर्ध्यातून परत आला आहात का?' नाही म्हणाला तर मी पैसे भरत नाही.

आपले आपण जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. त्याला हातात पैसे मिळतात, आपल्याला वाट आणि वर चार गोष्टी.

वाट चुकलो तर?

चुकाल. घाटमाथ्यावर ढोरवाटा असंख्य, आणि सगळ्या माणसाच्या वाटेसारख्याच दिसतात. ओळखायची खूण एकच: ढोरवाट झाडाच्या फांदीखालून कमरेइतक्या उंचीवरून जाते, माणसाची वाट फांदी तोडून जाते. वाकून चालावं लागायला लागलं की थांबा.

थांबा म्हणजे खरोखरच थांबा. शेवटची ओळखीची जागा आठवेपर्यंत मागे जा. ओढ्याच्या पात्राने उतरलो की गाव येईल, हा विचार सह्याद्रीत जीव घेतो. इथले ओढे मध्येच कड्यावरून खाली पडतात. डोंगराची सोंड पकडून उतरणं त्यापेक्षा बरं, निदान पुढचं दिसतं.

फोनवर नकाशा आणि वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून घ्या. दरीत रेंज नसते, पण जीपीएस चालतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही डाउनलोड करता येतात. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचायला शिका, दाटीवाटीने आल्या की कडा.

साप, मधमाश्या?

सापांपेक्षा मधमाश्यांना घाबरा. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर-डिओ नको, खाली शेकोटी नको, ड्रोन तर नकोच. माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड-डोकं झाकून तिथून लांब पळा, आणि कड्याजवळ असाल तर पाय बघून पळा. दोन-चार नांग्या लागल्या तर काढून टाका. पुष्कळ लागल्या, किंवा श्वास अडकायला लागला, तर सरळ दवाखाना.

फुरसं हा छोटा विषारी साप दगडांच्या फटीत असतो, अंग घासून करकर आवाज करतो. हात टाकण्याआधी बघा एवढंच. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला कमीत कमी हलवत सर्पदंशावरची लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्या.

काय न्यावं?

माणशी तीन लिटर पाणी, मार्चनंतर चार. गडावरच्या टाक्यांतलं पाणी पिण्यालायक आहे का ते गावात विचारा, सगळी टाकी पिण्याची नसतात. ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, काकडी, भाकरी. प्रत्येकाला वेगळा टॉर्च, का ते वर सांगितलंच. पावसात कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

बुटांवर लोक उगाच दहा हजार घालतात. तळ खाचेदार आणि नरम रबराचा हवा. आपल्याकडे कित्येक पक्के ट्रेकर अ‍ॅक्शनच्या स्वस्त बुटांवर गड करत आले आहेत. नवे बूट घालून थेट ट्रेकला मात्र जाऊ नका. पायाला फोड येतात आणि दोष गडाला जातो.

गडावर मुक्काम करता येतो?

सगळीकडे नाही. गड संरक्षित स्मारक असेल किंवा अभयारण्यात येत असेल तर रात्री थांबण्यावर निर्बंध असू शकतात. मी हल्ली पायथ्याच्या गावात राहतो. पाचनई, रतनवाडी, उधेवाडी, सगळीकडे घरगुती सोय आहे. चुलीवरची नाचणीची भाकरी आणि ठेचा सोडून गुहेत मॅगी का उकळायची हे मला आता समजत नाही. पूर्वी समजायचं.

चढायचंच नाही, पण डोंगरात जायचं आहे. दुसरं काय?

कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग. तिथलं पाणी वरच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडतात, म्हणून सगळा खेळ सकाळचा, उशिरा पोचलात तर नदी ओसरलेली. कामशेतला पॅराग्लायडिंग, पण पावसाळ्यात नाही. पावसाळी धबधब्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराने खाली उतरणं, करायचं तर आयोजक फार पारखून घ्या. एकच दोर आहे की सुरक्षेचा दुसरा वेगळा आहे हे स्वतः बघा. एकच असेल तर चहा पिऊन परत या.

सह्याद्री केला की हिमालय जमेल का?

पाय तयार होतात, फुप्फुसं नाही. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, आणि आपलं सर्वांत उंच शिखर १,६४६. कळसूबाई दहा वेळा चढलात तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही, ती तिथेच, हळूहळू चढून करायची.

काही घडलं तर कुणाला फोन?

११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि तितकंच महत्त्वाचं, पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे चहा घेतला त्यांचा नंबर. पोलीस यायच्या आधी तीच माणसं दोर-काठ्या घेऊन वर येतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांत स्वयंसेवक असतात, आपली कामं टाकून आलेले. त्यांना जागा नेमकी सांगा, रेंज मिळाल्यावर लोकेशन पाठवा, आणि मग तिथून हलू नका. निघताना घरी गाव, वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. नुसतं 'ट्रेकला जातोय' पुरत नाही.

गावकरी म्हणतात 'हे काय, आलंच'. म्हणजे किती?

टोलार खिंडीच्या खाली गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका मामांना आम्ही विचारलं, 'मामा, खिंड किती लांब?' ते म्हणाले, 'लांब कशाची, हे काय, आलंच.' पाऊण तास झाला. पुढे एक मावशी भेटल्या, त्याही 'आलंच'. मग मला हिशेब कळला. ते आपल्या पायांनी मोजतात, डोक्यावर भारा धरून. मी त्याला तिनाने गुणतो. सोबत ऑफिसची मंडळी असतील तर चाराने.